स्पॅनिश बोलताना ‘मी’ कुठे म्हणायचं आणि कुठे गिळायचं?

(ज्यांना ऐकायला वेळ किंवा डेटा नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कुणी भांडी घासताना. चालेल. आजचा विषय आहे स्पॅनिशमधली पुरुषवाचक सर्वनामं. थांबा, थांबा, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका! शाळेत सर्वनामांची व्याख्या पाठ करून आपण सगळ्यांनी दोन मार्क मिळवलेत, ती मी परत म्हणायला लावणार नाहीये. आधी माझी एक फजिती सांगते.

मला स्पॅनिश शिकायला लागून सहा-सात महिने झाले होते. तेव्हा मी पुण्यात ज्या कंपनीत होते, तिचं बरंचसं काम मेक्सिकोशी चालायचं. आठवड्याला एक कॉल. तिकडे ग्वादालाहारा शहरात माझ्याच वयाची एक मुलगी होती, आमची जोडी जमली होती. एकदा एका मोठ्या यादीत गोंधळ झाला आणि आम्ही दोघींनी तीन दिवस बसून ती नीट केली. कॉलवर वरच्या साहेबांनी विचारलं, काम कुठवर आलं? आणि मला एकदम सुरसुरी आली की आज आपण इंग्रजीत नाही, स्पॅनिशमध्ये बोलायचं. रात्री घोकून ठेवलेलं होतंच. म्हटलं, “यो रेबिसे ला लिस्ता, यो कोरेखी लोस एरोरेस, यो मांदे एल आर्चिबो.” मी यादी तपासली, मी चुका सुधारल्या, मी फाइल पाठवली.

क्रियापदं बरोबर, काळ बरोबर, उच्चारही बरे. साहेब म्हणाले, “मुई बिएन!” खूप छान. मी हवेत!

पाच मिनिटांनी चॅटवर त्या मैत्रिणीचा मेसेज आला. दोनच शब्द. “ई यो?”

म्हणजे, “आणि मी?”

मला वाटलं, ती विचारतेय की आता पुढे तिनं काय करायचं. मी उत्साहात उत्तर दिलं की तू उद्या दुसरी यादी घे. त्यानंतर दोन दिवस तिकडून फक्त कामापुरते मेसेज. हसरे चेहरे बंद. मला कळेना, झालं काय.

कळलं ते माझ्या स्पॅनिशच्या बाईंना सगळं सांगितल्यावर. त्या म्हणाल्या, अगं, तू तीन वेळा ‘यो’ म्हणालीस. स्पॅनिशमध्ये ‘रेबिसे’ एवढं म्हटलं तरी ‘मी तपासली’ असाच अर्थ होतो, तो ‘मी’ क्रियापदाच्या पोटात आहे. त्याच्यापुढे परत ‘यो’ लावलास की ऐकणाऱ्याला वाटतं, ही मुद्दाम सांगतेय: मी तपासली, दुसऱ्या कुणी नाही. आणि असं तीन वेळा!

म्हणजे मी सगळ्यांसमोर तिचं श्रेय खाल्लं होतं. व्याकरणाची एकही चूक न करता!

तर आजचा भाग हा त्या तीन ‘यो’ंचा आहे.

आधी पटकन ओळख करून घेऊ. ‘यो’ म्हणजे मी. ‘तू’ म्हणजे तू. हो, हो, तोच आपला तू! उच्चारही तोच, दातांना जीभ लावून म्हटलेला त. इंग्रजीतल्या दोनसारखा ‘टू’ नाही. हा योगायोग नाही बरं का. स्पॅनिश लॅटिनमधून आली आणि मराठीची नाळ संस्कृतशी. ही दोन्ही घराणी एकाच इंडो-युरोपीय कुळातली. त्यामुळे तू हा शब्द दोघींना आजीच्या पेटीतून मिळालाय म्हणा ना. पुढे ‘उस्तेद’ म्हणजे आदराने तुम्ही, ‘एल’ म्हणजे तो, ‘एया’ म्हणजे ती. अनेकवचनात ‘नोसोत्रोस’ म्हणजे आम्ही, ‘उस्तेदेस’ म्हणजे तुम्ही सगळे, ‘एयोस’ आणि ‘एयास’ म्हणजे ते आणि त्या. फक्त बायकाच असतील तर ‘नोसोत्रास’. एक जरी पुरुष आला तरी रूढ व्याकरणात ‘नोसोत्रोस’. यावर मला बोलायचंय खूप, पण आज नको.

आता क्रियापद. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. मी बोलते, ‘आब्लो’. तू बोलतोस, ‘आब्लास’. तो, ती किंवा उस्तेद, ‘आब्ला’. आम्ही, ‘आब्लामोस’. ते किंवा उस्तेदेस, ‘आब्लान’. बघा, प्रत्येकाची शेपटी वेगळी. शेपटी ऐकली की कोण बोलतंय ते कळतं, मग डोकं कशाला दाखवायचं?

आणि आपण मराठीत रोज हेच करतो. दारात मित्र दिसला तर “तू आलास का?” असं म्हणतो का आपण? “आलास का?” संपलं. फोनवर “निघालीस? जेवलीस? पोचलास की कळव.” कुठेही तू नाही, तरी कुणालाही शंका नाही. तो शेवटचा ‘स’ सगळं सांगतो. आता गंमत बघा, स्पॅनिशमध्येही तूचा खुणेचा अक्षर ‘स’च आहे! कसा आहेस, ‘कोमो एस्तास’. बोलतोस, ‘आब्लास’. राहतोस, ‘बिबेस’. संस्कृतमधलं ‘गच्छसि’ आठवा, लॅटिनमध्येही तूच्या क्रियापदाला शेवटी स. एक अपवाद आधीच सांगून ठेवते, नाहीतर कॉमेंटमध्ये धराल मला: साध्या भूतकाळात हा ‘स’ नसतो. बोललास म्हणजे ‘आब्लास्ते’. बाकी बहुतेक ठिकाणी ‘स’ दिसला की समजा, कुणीतरी आपल्याला अरे-तुरे करतंय.

मग प्रश्न असा की घरी आपण सर्वनाम इतक्या सहज गाळतो, तर स्पॅनिश बोलताना यो-यो-यो का करतो?

एक कारण सरळ आहे, इंग्रजी. शाळेत दहा वर्षं आपल्याला शिकवलंय की ‘आय’शिवाय वाक्य सुरू होत नाही. आणि बहुतेक जण स्पॅनिश शिकतात ते इंग्रजीतून. ॲपसुद्धा आधी इंग्रजी वाक्य दाखवतं. तो ‘आय’ आपण उचलतो आणि ‘यो’ करून तिकडे नेऊन ठेवतो.

दुसरं कारण कुणी कबूल करत नाही, मी करते. क्रियापदाच्या शेपटीची खात्री नसते! ‘आब्लो’ की ‘आब्ला’? नक्की आठवत नाही. म्हणून आधी ‘यो’ म्हणून टाकायचं, म्हणजे शेपटी चुकली तरी समोरच्याला कळेल. कुबडी आहे ती. पहिल्या महिन्यात वापरा बिनधास्त, मी रागावणार नाही. पण कुबडीची सवय लागते आणि शेपट्या पाठ करायच्या राहूनच जातात.

आणि तिसरं कारण मात्र खास आपलं, मराठीचं आहे. हे मला खूप उशिरा सुचलं. वर्तमानकाळात आपलं क्रियापद बोलणाऱ्याकडे बघतं: जाते, जातोस. पण ‘मी यादी तपासली’ यात ‘तपासली’ कुणाकडे बघतंय? यादीकडे! यादी स्त्रीलिंगी म्हणून तपासली. चुका सुधारल्या, अर्ज भरला, पत्र लिहिलं. कुणी केलं ते क्रियापद सांगतच नाही. मी तपासली, तिनं तपासली, गणपतीनं तपासली, सगळीकडे ‘तपासली’. म्हणून अशा वाक्यात ‘मी’ घालावाच लागतो. स्पॅनिशमध्ये भूतकाळातही क्रियापद करणाऱ्याकडेच बघतं. ‘रेबिसे’ म्हणजे मीच, ‘रेबिसो’ म्हणजे तो किंवा ती. माझे तीन ‘यो’ हे मराठीतून गेलेले तीन ‘मी’ होते. त्यातही मराठीत मी असं म्हटलं असतं की “मी यादी तपासली, चुका सुधारल्या आणि फाइल पाठवली.” एकाच ‘मी’वर भागलं असतं. तीन वेळा मी-मी केलं असतं तर इथेही कुणीतरी म्हणालंच असतं, हो, कळलं बाई, तूच केलंस!

एक सावधगिरी. सर्वनाम गाळलं की सगळा भार शेपटीवर येतो, त्यामुळे शेपटी खाऊ नका. ‘आब्लो’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलते’. तोच जोर शेवटी गेला, आब्लोऽ, तर ‘तो बोलला’. एका जोरानं माणूसही बदलला आणि काळही. घरी मोठ्यानं म्हणून बघा, शेजारी काय म्हणतील याची काळजी करू नका.

मग ‘यो’ म्हणायचं कधी?

जिथे मराठीत आपण मीवर जोर देतो तिथे. हॉटेलात बिल आलं, सगळे पाकिटाला हात घालतायत, तेव्हा “यो पागो.” मी देतो, तुम्ही ठेवा. इथे यो पाहिजेच, नुसतं ‘पागो’ म्हणालात तर हवा तो जोर येणार नाही. दोघांची तुलना असेल तेव्हा: ती पुण्याची, मी नागपूरची, “एया एस दे पुणे, यो सोय दे नागपूर.” दारावर टकटक झाली, आतून विचारलं कोण, तर “सोय यो.” मी आहे. आणि समोरच्याला उलट विचारताना “ई तू?”, आणि तू? माझ्या मैत्रिणीचं ‘ई यो?’ त्याच जातीचं. तिनं सर्वनाम अगदी जिथे टोचायला हवं तिथेच वापरलं होतं.

कधीकधी शेपट्याच सारख्या असतात, तेव्हाही सर्वनाम लागतं. “बिबिया एन पुणे” म्हणजे मी पुण्यात राहायचे, किंवा तो राहायचा, किंवा ती. मागचं-पुढचं माहीत नसेल तर ‘यो बिबिया’ म्हणून मोकळं व्हायचं. आपल्याकडे ‘जातो’चं असंच आहे ना? मी पण जातो, तो पण जातो.

बरं, आता मी आणि ‘मी’.

स्पॅनिशमध्ये ‘मी’ असा उच्चार असलेला शब्द आहे, आणि मराठी माणूस त्यात हमखास फसतो. त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला मी नाही. एक ‘मी’ म्हणजे माझा, माझी: ‘मी कासा’, माझं घर. दुसरा ‘मी’ शब्दयोगी अव्ययाबरोबर येतो: ‘पारा मी’, माझ्यासाठी. कॉफी मागवताना हे फार कामाचं आहे: “पारा मी, उन काफे.” मला एक कॉफी. पण ‘मी बोय’ म्हणून ‘मी जाते’ होत नाही. माझ्या तोंडून पहिले कित्येक आठवडे हे जायचं. मेंदू बिचारा काय करणार, त्याला वीस वर्षं मी म्हणजे मीच माहीत!

आता या भागातला माझा सगळ्यात लाडका मुद्दा. “मला चहा आवडतो.” यात चहा हा कर्ता आहे, मी नाही. म्हणून एक आंबा आवडतो, चार आंबे आवडतात. स्पॅनिश हुबेहूब असंच चालते. “मे गुस्ता एल ते”, मला चहा आवडतो. “मे गुस्तान लोस मांगोस”, मला आंबे आवडतात. गुस्ता, गुस्तान; आवडतो, आवडतात. ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला, तिला किंवा उस्तेदला, ‘नोस’ म्हणजे आम्हाला, ‘लेस’ म्हणजे त्यांना किंवा उस्तेदेसना. इंग्रजी बोलणारी पोरं इथे महिनोन्‌महिने अडकतात, कारण त्यांना ‘मी आवडतो चहा’ असं म्हणायची सवय. आपल्याला काही शिकायचंच नाही, फक्त इंग्रजी विसरायचंय. पण आपण काय करतो? इंग्रजीतून जातो आणि ‘यो गुस्तो’ म्हणतो. अरे, मराठीत “मी आवडतो चहा” म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

आणि ‘मे गुस्तास’ म्हणजे काय? शेपटीला स आहे, म्हणजे तू. मला तू आवडतोस. मराठीत हे वाक्य ऐकून जी धडधड होते, तीच तिकडे होते, तेव्हा जपून वापरा! वर्गातला मुलगा नुसता चांगला वाटत असेल तर “मे काएस बिएन” म्हणा.

याच्यावरच एक छोटी कसोटी. कुणी म्हणालं, मला क्रिकेट आवडतं, तर आपण काय म्हणतो? “मला पण.” कुणी म्हणालं, मी दमलो, तर? “मी पण.” कधी चुकतं का आपलं? कधीच नाही. स्पॅनिशमध्ये ‘मला पण’ म्हणजे “आ मी तांबिएन” आणि ‘मी पण’ म्हणजे “यो तांबिएन.” नकारात ‘मला पण नाही’ म्हणजे “आ मी तांपोको”, ‘मी पण नाही’ म्हणजे “यो तांपोको.” समोरच्याचं वाक्य ऐकायचं, मनात मराठीत उत्तर द्यायचं, आणि मला आलं की ‘आ मी’, मी आलं की ‘यो’. परीक्षेत हे नक्की येतं, गप्पांमध्ये तर मिनिटाला येतं.

पण थांबा, मराठीवर डोळे मिटून विश्वास टाकायचा नाही. मला वाटतं म्हणजे ‘मे पारेसे’, जमलं. मला दुखतंय म्हणजे ‘मे दुएले’, जमलं. मला भूक लागलीये? इथे गाडी रुळावरून घसरते. स्पॅनिश माणूस म्हणतो ‘तेंगो आंब्रे’, म्हणजे शब्दशः माझ्याकडे भूक आहे, आणि करणारा यो. मला थंडी वाजतेय, ‘तेंगो फ्रियो’. मला जायचंय किंवा जावं लागेल, ‘तेंगो के इर’. मला पाणी पाहिजे, ‘किएरो आग्वा’. मला माहीत नाही, ‘नो से’. या सगळ्या ठिकाणी आपल्याकडे मला, त्यांच्याकडे न बोललेला यो. ही पाच-सहा वाक्यं वेगळी पाठ करा, दुसरा इलाज नाही.

आता ‘उस्तेद’. इथे व्याकरणापेक्षा माणसं जास्त आहेत.

पूर्वी स्पेनमध्ये मोठ्या माणसाला ‘बुएस्त्रा मेर्सेद’ म्हणायचे, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’, ‘आपली मेहेरबानी’. आपल्याकडे जुन्या अर्जांवर ‘मेहेरबान कलेक्टरसाहेब’ लिहायचे ना, तसं. 1605 साली आलेल्या सेर्वांतेसच्या ‘दोन किखोते’ कादंबरीत सांचो हा सेवक आपल्या मालकाला बुएस्त्रा मेर्सेदच म्हणतो. बोलता बोलता ते झिजत झिजत ‘उस्तेद’ झालं. आणि म्हणूनच उस्तेद म्हणजे तुम्ही असला तरी त्याचं क्रियापद तो-तीसारखं लागतं. विचित्र वाटतं? साडीच्या दुकानात जा. दुकानदार तुमच्याकडे बघून तुम्हालाच विचारतो, “मॅडम काय घेणार?” महाराजांसमोर उभं राहून “महाराजांची काय आज्ञा?” समोरच्याला सरळ बोट न दाखवता, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं बोलायचं, आदराची ही रीत दोन्हीकडे आहे. म्हणून ‘कोमो एस्तास’ म्हणजे कसा आहेस, आणि ‘कोमो एस्ता’ म्हणजे कसे आहात. फरक एका ‘स’चा.

तो ‘स’ मला एकदा महागात पडणार होता. त्या मैत्रिणीशी परत गट्टी जमल्यावरची गोष्ट, म्हणजे शेवटी काय झालं ते आधीच फोडतेय, असू दे. व्हिडिओ कॉल चालू असताना तिची आजी मागून डोकावली आणि मला म्हणाली, “कोमो एस्तास, इखा?” कशी आहेस गं पोरी? मी तत्परतेनं, “बिएन, ग्रासियास, ई तू?” मैत्रीण डोळे मोठे करून बघायला लागली. आजीनं मला तू म्हटलं म्हणून मीही तू म्हणाले. पण मराठीत मैत्रिणीची आजी “कशी आहेस?” म्हणाली तर मी “बरी आहे, तू कशी आहेस?” म्हटलं असतं का? “तुम्ही कशा आहात?” म्हटलं असतं. तिकडेही तेच, “ई उस्तेद?” मोठ्यानं तू म्हणणं हा परवाना दोन्ही बाजूंनी चालत नाही. आजी मात्र हसली. फॉरेनची पोर आहे, चालायचंच, असं काहीतरी म्हणाली असावी.

अरे-तुरे करणे याला स्पॅनिशमध्ये चक्क क्रियापद आहे, ‘तुतेआर’. समोरचा “तुतेआमे” म्हणाला की समजायचं, अहो-जाहो पुरे, तू म्हण. मेक्सिकोत वयानं मोठ्या अनोळखी माणसाशी उस्तेदनं सुरुवात केलेली बरी. स्पेनमध्ये आता तू खूप सैल झालाय. तिथे चाळिशीच्या बाईला उस्तेद म्हणालात तर तिला तेच वाटेल जे तिशीतल्या मुलीला ‘काकू’ हाक ऐकून वाटतं. आणि बोगोतात उलटंच, तिथे घरातल्यांशी, जवळच्या मित्रांशीसुद्धा उस्तेद चालतो. म्हणजे उस्तेद ऐकला की माणूस तुटक वागतोय असंही समजू नका. आपल्याकडे तरी कुठे एक नियम आहे? एका घरात ‘अहो बाबा’, शेजारच्या घरात ‘ए बाबा’. प्रेम दोन्हीकडे.

आदराची अजून एक भानगड. आपण वडिलांबद्दल बोलताना अनेकवचन वापरतो: बाबा आले, बाबा बँकेत काम करतात. मी वर्गात थाटात सांगितलं, “मी पापा त्राबाखान एन उन बांको.” बाईंनी विचारलं, किती वडील आहेत तुला? ‘त्राबाखान’ हे अनेकवचन, एका माणसाला ‘त्राबाखा’. स्पॅनिशमध्ये ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला आदराचं अनेकवचन नाहीच. राजा असो की बाबा, एकटा असेल तर ‘एल’. मला ते ‘त्राबाखा’ म्हणताना खरंच जड गेलं. बाबा बँकेत काम करतो, असं म्हटल्यासारखं वाटत राहिलं. अजूनही थोडं वाटतं. तसंच, एकट्या आजींना आदरानं ‘उस्तेदेस’ म्हणू नका. आपला तुम्ही एकालाही चालतो आणि दहांनाही. त्यांच्यात एकाला उस्तेद, दहांना उस्तेदेस.

‘ला कासा दे पापेल’ बघून स्पॅनिशच्या प्रेमात पडलेल्यांना एक सांगायचंय. त्यात तुम्हाला ‘बोसोत्रोस’ ऐकू येईल. दोस्तांच्या घोळक्याला तुम्ही म्हणायचा तो स्पेनचा शब्द. लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात तो नाही, तिथे सगळ्यांना उस्तेदेस. आणि अर्जेंटिनात तूच्या जागी ‘बोस’ म्हणतात. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सशी मॅच झाल्यावर मेस्सी मुलाखत देता देता बाजूला बघून जे तडकला, “के मिरास, बोबो?”, काय बघतोस रे, बावळटा, त्याचे मीम तुम्ही पाहिलेच असतील. त्यात त्यानं जोर ‘रा’वर दिला होता. तूचं क्रियापद असतं तर जोर ‘मि’वर आला असता. हा बोसचा ढंग. बघा, सर्वनाम तोंडातून निघालंच नाही, तरी माणूस अर्जेंटिनाचा आहे हे नुसत्या शेपटीवरून कळलं!

आणि एक गोष्ट आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. आम्ही आणि आपण. “आम्ही सिनेमाला चाललोय” म्हटलं की ऐकणारा समजतो, मला बोलावलेलं नाही. “आपण सिनेमाला चाललोय” म्हटलं की तो चपला घालतो. स्पॅनिशमध्ये दोन्हीला “बामोस आल सिने.” नोसोत्रोस लावा, नाहीतर नका लावू, तो आत आहे की बाहेर हे कळत नाही. मी आपली “तू ई यो”, तू आणि मी, असं जोडून टाकते, म्हणजे कुणी घरी रुसून बसायला नको.

रुसण्यावरून आठवलं, ती गोष्ट पुरी करते. बाईंनी समजावल्यावर मी त्या मैत्रिणीला माफीचा मोठा मेसेज लिहायला घेतला, त्यात पहिल्याच ओळीत परत दोन ‘यो’! पुसला. मग पुढच्या आठवड्याच्या कॉलची वाट बघितली. त्याच यादीचा विषय निघाला, साहेब परत माझ्याकडे बघून काहीतरी कौतुकाचं बोलले, आणि मी म्हटलं, “लो इसिमोस लास दोस.” आम्ही दोघींनी केलं. यात नोसोत्रास नाही, यो नाही, तू नाही. ‘इसिमोस’च्या शेवटच्या ‘मोस’मध्ये आम्ही, आणि ‘लास दोस’ म्हणजे आपलं ‘दोघी’.

तिचा कॅमेरा बंद होता. पण चॅटवर एक हसरा चेहरा आला.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमची ओळख करून देणारी पाच वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा: नाव, गाव, काम, काय आवडतं, काय आवडत नाही. पाचही वाक्यांत एकदाही ‘यो’ नको. नाव सांगताना ‘मे यामो’ म्हणा, त्यातला ‘मे’ मात्र गाळू नका. नुसतं ‘यामो’ म्हणजे मी हाक मारते किंवा फोन करते. मग रेकॉर्डिंग परत ऐका आणि शेपट्या नीट ऐकू येतायत का बघा. पुढच्या भागात ‘लो’ आणि ‘ला’ घेऊ, म्हणजे “किल्ली आहे का?” “हो, आहे की माझ्याकडे,” हे थोडक्यात कसं म्हणायचं ते.

आस्ता ला प्रोक्सिमा, मंडळी.